एकत्र जपानी जेवण रांधताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या घरातलं पहिलं जपानी जेवण रात्री पावणेअकराला झालं, आणि पानात होतं काय, तर कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला पापड. सुशी ओट्यावर पडून होती. सुशी आपली म्हणायची. दिसायला तो काळ्या कागदात बांधलेला गुरगुट्या भात होता. दादा अंगणात जाऊन उगाच फोन लावत बसला होता, वहिनी आणि माझी बायको एकमेकींशी फार जपून बोलत होत्या, पुतणी माडीवर जाऊन रुसली होती. शेवटी आईनेच कुणाला न विचारता पिठी घाटली आणि हाका मारल्या.

कल्पना पुतणीची. ती ठाण्याला जपानी शिकते. त्या दिवाळीला गावी आली ती नोरी (समुद्री शेवाळाचे कागदासारखे वाळवलेले पापुद्रे), मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा), सोया सॉस, तांदळाचं व्हिनेगर असं खोकंच घेऊन. म्हणाली, सगळे मिळून एक जेवण करू. घाई नाही, फोन नाही, मन लावून. कल्पना वाईट नव्हती. आम्ही वर्षातून दोन-तीनदा भेटणारी माणसं. भेटलो की जेवतो, झोपतो आणि सातबाऱ्यावरून वाद घालतो. त्यापेक्षा एका ओट्याभोवती चार तास काढणं कधीही बरं.

त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर असं जेवण आम्ही सात-आठ वेळा केलं आणि आता ते बऱ्यापैकी जमतं. आम्ही राहतो रत्नागिरीजवळ खाडीकाठी, त्यामुळे काही चुका खास इकडच्या आहेत. बाकीच्या कुठल्याही घरात होतील अशाच.

पहिल्याच खेपेला सुशी

जपानी जेवण म्हटलं की डोळ्यांपुढे सुशी येते. पण परक्या माणसाने मराठी जेवण शिकायचं ठरवावं आणि पहिल्याच दिवशी उकडीचे मोदक वळायला घ्यावेत, तसं ते होतं. कळ्या पडत नाहीत, उकड फुटते, आणि सगळ्यांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही.

जपानी घरात रोज होतं ते जेवण वेगळं. त्याचा साचा ‘इचिजू सान्साई’, म्हणजे एक सार आणि तीन तोंडीलावणी. भात आणि लोणचं यात मोजतही नाहीत, ते पानात असणारच. युनेस्कोने २०१३ साली जपानी आहारपरंपरेला, म्हणजे ‘वाशोकू’ला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते याच धर्तीच्या जेवणामुळे, नुसत्या सुशीमुळे नव्हे. साचा आईला समजावून सांगितला तर ती म्हणाली, “मग आपलं काय वेगळं असतं? भात, आमटी, भाजी, कोशिंबीर.”

आमचं आता ठरलेलं पान असं: भात, मिसोचं सार, मिठातला भाजलेला बांगडा आणि सोबत मुळ्याचा कीस, तवशाची, म्हणजे काकडीची, आंबटगोड कोशिंबीर, आणि तिळाच्या कुटात कालवलेली पालेभाजी. जपानात ही भाजी बहुतेक पालकाची असते, आम्ही लाल माठ घेतो. उकळत्या पाण्यातून काढायची, गार पाण्यात टाकायची, घट्ट पिळायची, मग भाजलेल्या तिळाचं कूट, चिमूटभर साखर आणि सोया सॉस. तवशाचं तर आणखी सोपं. पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या, पिळायच्या, वर व्हिनेगर आणि साखर. खमंग काकडीतून दाणे, मिरची आणि फोडणी काढून घेतली की जे उरेल ते. काकडी पिळायची असते हे त्यांनाही ठाऊक आहे, याचं आईला फार कौतुक वाटलं.

सुशीचीच हौस असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ‘तेमाकी’ करा. आंबट भात, नोरीचे चौकोनी तुकडे आणि चार-पाच सारणं मधे मांडायची आणि ज्याने त्याने आपला विड्यासारखा कोन वळायचा. चटई नको, सुबकपणाची परीक्षा नको. उकडलेली कोळंबी, अंड्याची गोडसर पोळी, काकडी एवढं पुरतं. हापूस घालणारे लोक आहेत. घालोत बापडे, आमच्या घरात ते होणार नाही.

“फडफडीत आहे, कच्चा चालेल”

ही चूक रुसव्याफुगव्याची नाही, दवाखान्याची आहे, म्हणून जरा जास्त लिहितो.

दादा त्या दिवशी पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन सुरमई घेऊन आला होता. डोळे चकचकीत, कल्ले लालबुंद. त्याचं म्हणणं, याहून ताजी सुरमई तोक्योतही मिळणार नाही. तोक्योचं मला माहीत नाही, पण कच्चा मासा खायचा तर नुसता ताजेपणा कामाचा नाही. समुद्री माशात ‘अनिसाकिस’ जातीच्या जंताच्या अळ्या असू शकतात, आणि मासा जाळ्यातून नुकता निघालेला असला तरी त्या असतात. म्हणून कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंश सेल्सिअसला सलग सात दिवस गोठवावा, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. घरचा फ्रीजर धडपणे उणे १८ पर्यंत जातो, आणि आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते. शिवाय गोठवल्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत. बंदरावरच्या पाटीतला, घमेल्यातल्या पाण्याने धुतलेला मासा घरी कच्चा खायचा नाही. यावर आमच्या घरात आता चर्चा होत नाही.

बांगड्याची गोष्ट आणखी निराळी. बांगडा, कुपा असे मासे उन्हात राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामीन साचतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक म्हणतात ‘मासा बाधला’. तेव्हा बाजारात जाताना बर्फाचा डबा न्या, आणि बांगडा घेतला की वाटेत चहाला थांबू नका.

आता भाजण्याबद्दल. जपानी ‘शिओयाकी’ म्हणजे मीठ लावून भाजणं, बस. आमची पहिली चूक म्हणजे हात शिवशिवले. बायकोने सवयीने हळद लावली, वहिनीने आलं-लसूण वाटायला घेतलं, आईने आगळ काढलं. काही लावायचं नाही. बांगडा साफ करून पूर्ण कोरडा करायचा, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्यायच्या आणि वजनाच्या साधारण दोन टक्के मीठ लावायचं. पाव किलोच्या बांगड्याला छोटा चमचाभर. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. त्या वीस मिनिटांत माशाच्या अंगावर घामासारखे थेंब येतात. ते पाणी उग्र वासाचं असतं. ते टिपून घेतल्याशिवाय मासा विस्तवावर गेला तर वास तसाच राहतो आणि कातडी तव्याला चिकटते. सगळं गुपित त्या टिपण्यात आहे. भाजून झाला की शेजारी मुळ्याचा कीस, हलका पिळलेला, वर दोन थेंब सोया सॉस. वाढताना माशाचं डोकं खाणाऱ्याच्या डाव्या हाताला. आपल्याकडे मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे. त्यांच्याकडे भाताची वाटी डावीकडे आणि सार उजवीकडे.

पहिला घास खाऊन दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बांगड्याची चव अशी असते होय?” पन्नाशीचा कोकणी माणूस.

झाकण

चिकटून राहणारा भात हवा असेल तर बासमती नको, कोलमही नको. या तांदळांत अमायलोज नावाचा स्टार्च जास्त, म्हणून दाणा दाण्यापासून सुटतो. बिर्याणीला ते हवं, इथे नको. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ मागवता आला तर उत्तम. नाहीतर इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या, आणि इथे नवा तांदूळ चांगला. वाण्याकडे जुनाच मागायची आपली सवय एवढ्यापुरती सोडा. उकडा तांदूळ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी नको. आम्ही तोही प्रयोग केलेला आहे.

धुताना पहिलं पाणी लगेच ओतून टाका. कोरडा दाणा पहिलंच पाणी सगळ्यात जास्त ओढतो, आणि ते पिठाळ असतं. पुढे तीन-चार पाणी, नंतर अर्धा तास भिजू द्या. जपानी तांदळाला मापाच्या सव्वापटीहून थोडं कमीच पाणी लागतं. इंद्रायणीला मी दीडपट घेतो, नवा असेल तर त्याहून किंचित कमी. उकळी आली की आच अगदी बारीक, दहा-बारा मिनिटं. मग गॅस बंद आणि आणखी पंधरा मिनिटं झाकण तसंच.

हे “तसंच” आमच्या घरात फार महाग पडलं. आईला झाकण उघडून शीत चेपून बघितल्याशिवाय भात झाला असं वाटतच नाही. साठ वर्षांची सवय. पहिल्या दिवशी तिने चार वेळा झाकण काढलं, वाफ गेली, वरचा थर चिवट राहिला आणि खालचा लागला. पुतणी चिडली. “आजी, किती वेळा सांगितलं!” आई काही बोलली नाही, पण पदराला हात पुसून पडवीत जाऊन बसली. त्या रात्रीचं जे बिघडलं ते तिथून.

पुढच्या खेपेला पुतणीने युक्ती केली. जपानी बायकांची भाताबद्दलची एक जुनी म्हण तिने आजीला मराठीत सांगितली: आधी हळूहळू, मधे भडभड, आणि पोर रडलं तरी झाकण काढू नको. आई मनापासून हसली. म्हणाली, “पोर रडलं तरी? मग त्यांच्याकडेही झाकण काढणाऱ्या असणार. उगाच कशाला म्हण करतील?” तेव्हापासून झाकणाची राखण तिच्याकडे. ती चुलीशेजारी पाटावर बसते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आंबट भात करायचा असेल तर दोन वाट्या तांदळाला, म्हणजे ३६० मिलिलिटरला, चार मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. गरम भातावर ओतायचं आणि उलथन्याने चिरत चिरत मिसळायचं; कालवलं की लगदा. जपानात यासाठी लाकडी पसरट भांडं वापरतात. आमच्याकडे माळ्यावर भाकरीची काथवट होती, ती घासून घेतली. काथवट नसेल तर स्टीलची परात चालेल, कल्हई उडालेली पितळी नको. साधं पांढरं व्हिनेगर फार झोंबतं. ते वापरायचंच तर पाणी घालून सौम्य करा आणि साखर थोडी वाढवा. एकाने असं मिसळायचं तर दुसऱ्याने पंख्याने वारा घालायचा. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला हे काम द्या. हा भात त्याच दिवशी, दोन-तीन तासांत संपवा. आपल्या दमट हवेत तो बाहेर ठेवण्यात धोका आहे आणि फ्रीजमध्ये तो खडा होतो.

साराला जवळा

मिसोच्या साराचा पाया ‘दाशी’. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन कडकडीत वाळवलेल्या कुपा जातीच्या माशाचा पातळ कीस, एवढ्यावर ती होते. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम कोम्बू. धुवायचं नाही, वरची पांढरी भुकटी घाण नसते, तीच चव; फक्त कोरड्या फडक्याने पुसायचं. गार पाण्यात अर्धा तास ठेवून अगदी मंद आचेवर तापवायचं, आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसले की, उकळी फुटायच्या आत, बाहेर काढायचं. उकळलं की सार बुळबुळीत आणि कडवट. मग वीस-तीस ग्रॅम कात्सुओबुशी घालून आच बंद, एक-दोन मिनिटांत गाळायचं. पिळायचं नाही.

१९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने याच कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पाच वर्षांनी त्याच्या शिष्याने, शिंतारो कोदामाने, वाळवलेल्या माशातलं इनोसिनेट शोधलं. दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नाही, कितीतरी पटीने वाढते. आमटीत चार सोडे टाकल्यावर आई “आता चव लागली” म्हणते, त्याच्या मागेही हाच कारभार असावा.

सोड्यांवरूनच आम्ही फसलो. कात्सुओबुशी महाग, इकडे पोचायला आठवडा, म्हणून मी म्हटलं, आपण सुक्या मासळीच्या मुलखात राहतो, जवळा घालू. घातला, आणि खळाखळा उकळला. घरभर वास. मिसो त्या वासाखाली गाडला गेला. जपानातही छोटी सुकी मासळी वापरतात, ‘निबोशी’ म्हणतात, पण ती मिठाच्या पाण्यात उकडून मग वाळवलेली असते. आपली बहुतेक थेट उन्हात पडते. आणि निबोशीचंही डोकं आणि पोट काढून टाकतात, नाहीतर कडू लागते. आईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. सुकी तारली ती जन्मभर तशीच मोडून घेते. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

आता यांत्रिकी बोटी बंद असतात त्या १ जून ते ३१ जुलैच्या काळात आम्ही सोड्यांचं पाणी करतो. सोडे कोरडेच हलके भाजायचे, गार पाण्यात तासभर भिजवायचे, कोम्बूबरोबर मंद तापवायचे. जपानी माणूस याला दाशी म्हणणार नाही. सार मात्र सुंदर होतं. आणि गुरुवारी, संकष्टीला किंवा श्रावणात कोम्बू आणि सुके शिताके अळंबे रात्रभर पाण्यात ठेवायचे. जपानातल्या झेन बौद्ध मठांतली शाकाहारी दाशीही याच जातीची. घरात एक जण जरी खात नसेल तरी सगळ्यांसाठी हीच करा. त्या एका माणसाचं वेगळं पातेलं कोपऱ्यात ठेवून “एकत्र” जेवायला काही अर्थ नाही.

मिसो सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर, गाळणीत घेऊन पळीने विरघळवायचा. वाटीमागे एक मोठा चमचा, त्याहून थोडा कमीच. मिसो उकळला की त्याचा सुगंध गेला. म्हणून माणसं पानावर बसली की मगच मिसो. आमच्या घरात ही अट सगळ्यात अवघड आहे, कारण “बसा, बसा” म्हटल्यावर बसणारा एकही माणूस आमच्या घराण्यात नाही.

एकाच्या हातात फोन, बाकीच्यांच्या हातात कामं

तो एक मी होतो. कृती फोनवर, म्हणून वाचायला मी. वाचता वाचता सूचना सुरू झाल्या, सूचनांवरून हुकूम. “चकत्या जाड झाल्या.” “आता नाही, अजून तीन मिनिटं.” बायकोने एका क्षणी सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “तुम्हीच करा ना मग सगळं.” जेवण मोडलं ते नोरीने नाही.

आता कृती आदल्या रात्री सगळे मिळून वाचतो आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फळीला अडकवतो. ज्याला अडेल तो बघेल. फोन देवघरातल्या कोनाड्यात. आणि कामं हातांप्रमाणे. तवसं आईकडे, विळीवर. पुतणीने जपानी सुरी आणली होती, चांगली चारेक हजारांची. त्या सुरीने मी केलेल्या चकत्या आणि आईने पाय दुमडून विळीवर केलेल्या चकत्या शेजारी ठेवल्या. तिच्या चकत्यांतून ताटाची नक्षी दिसत होती. दादाकडे बांगडा आणि निखारे. कोम्बूपाशी वहिनी, कारण ती एकटीच उकळीची वाट बघू शकते. ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके, सगळ्यांनी. हात ओला करायचा, मीठ चोळायचं, तीन-चार वेळा हलकेच दाबायचं. लाडूसारखं आवळलं की दगड होतो.

आणखी एक चूक यातलीच, आणि ती उशिरा लक्षात आली. या जेवणात रिकामा वेळ फार असतो. तांदूळ भिजतोय अर्धा तास, कोम्बू अर्धा तास, बांगडा वीस मिनिटं, झाकण पंधरा मिनिटं. पहिल्या वेळी मला वाटलं, वेळ फुकट जातोय, म्हणून त्यात मी आणखी चार पदार्थ कोंबले. आता त्या वेळात आम्ही मुद्दाम काही करत नाही. पडवीत बसतो. एकदा बांगड्याला मीठ लावून झाल्यावर दादाने सहज विचारलं, “बाबांचा तो पितळी अडकित्ता कुठे गेला रे?” त्यावरून बाबांचा विषय निघाला. ते जाऊन अकरा वर्षं झाली. श्राद्धाची व्यवस्था सोडून त्यांच्याबद्दल आम्ही भाऊ कधी बोललो नव्हतो. बांगडा वीसऐवजी पन्नास मिनिटं मिठात राहिला. खारट झाला, खाल्ला.

“कोण गेलं?”

‘माइंडफुल’, म्हणजे मन लावून, जेवण करायचं तर मौन हवं, असं पुतणीने कुठेतरी वाचलं होतं. तिसऱ्या वेळी तिने नियम केला की रांधताना आणि जेवताना कुणी बोलायचं नाही. पाच मिनिटं नुसता विळीचा आवाज. तेवढ्यात शेजारच्या काकू परड्यातून डोकावल्या, आमची तोंडं बघितली आणि दबक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

मौन मठात शोभतं. १२३७ साली डोगेन या झेन आचार्याने मठातल्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. तांदूळ धुताना खड्यांकडे बघ आणि तांदळाकडेही बघ, एक दाणा वाया घालवू नकोस, असं त्यात आहे. आई सुपात तांदूळ निवडते तेव्हा अगदी हेच करते, आणि तोंडाने अखंड बोलत असते. नजर दाण्यांवर, कान आणि जीभ आमच्यात. आम्ही तेवढंच ठेवलं. जेवण सुरू करताना सगळे हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतो. अर्थ साधारण, हे मी नम्रपणे घेतो. आई त्यानंतर आपली चित्राहुती घालते. दोन्ही होतं.

तेम्पुरा

पहिली काही जेवणं हा जपानी भज्यांचा प्रकार टाळा. कृती अवघड नाही. पीठ बर्फाच्या पाण्यात, जेवायच्या काड्यांनी (चॉपस्टिक्सनी) चार फेरे, गुठळ्या राहू द्यायच्या. जास्त फेटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणतं आणि आवरण वातड होतं. तेल १७० ते १८० अंश. अडचण दुसरीच. तेम्पुरा कढईतून तोंडात गेला पाहिजे, त्यामुळे एक माणूस शेवटपर्यंत कढईशी, बाकीचे पानावर. पावसातल्या भज्यांसारखंच, तळणारीला शेवटची दोन, गार. करायचाच तर दर घाण्याला तळणारा बदला.

जाता जाता, पिठात बुडवून तळायची ही रीत जपानात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गेली असं मानतात. म्हणजे ज्यांनी वसईला किल्ला बांधला आणि आपल्या किनाऱ्याला मिरची दिली, तेच हे लोक.

बाटल्या, नोरी, काड्या

तालुक्याच्या बाजारात ‘डार्क सोया’ म्हणून मिळते ती काळी, दाट, गोडसर बाटली चायनीजच्या गाडीची. ती इथे चालत नाही. सगळं काळं आणि एकाच चवीचं होतं. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेली आंबवलेली बाटली शोधा. जपानी फिक्या रंगाचा सॉस गडद सॉसपेक्षा जास्त खारट असतो, हेही ध्यानात असू द्या. ‘मिरिन’ ही गोड, चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली तांदळाची दारू. घरात चालत नसेल तर साखर-पाणी घाला आणि पुढे चला.

नोरीचं पाकीट पावसाळ्यात उघडलं की अर्ध्या तासात ती पापडासारखी सादळते. पापडाच्याच डब्यात ठेवा, आणि वापरायच्या आधी विस्तवावरून झरकन फिरवा.

काड्यांची सक्ती नको. सुशी आणि ओनिगिरी जपानातही हाताने खातात. पण काड्या वापरल्या तर दोन गोष्टी करू नका: भातात उभ्या खोचू नका, आणि आपल्या काड्यांतला घास दुसऱ्याच्या काड्यांत देऊ नका. उभ्या काड्यांचा भात तिथे मृताच्या उशाशी ठेवतात, आणि दहनानंतर अस्थी काड्यांनीच उचलतात. पुतणी हे सांगायच्या आधीच, माझ्या वाटीतल्या उभ्या काड्या बघून आई म्हणाली, “काढ त्या. बरं नाही दिसत ते.”

बिघडलंच तर

भात गिच्च झाला तर त्याचे मुटके करून तेलाचं बोट लावलेल्या तव्यावर खरपूस भाजा, वरून सोया सॉस पुसा. मुद्दाम केल्यासारखं वाटतं. भात वरून कच्चा असेल तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून, झाकण लावून, पाच मिनिटं अगदी मंद आच. सार खारट झालं तर पाणी ओतू नका, दाशी ओता. म्हणून वाटीभर दाशी नेहमी बाजूला काढून ठेवा. मासा तव्याला चिकटला तर ओढू नका. अजून भाजायचा राहिलाय, मिनिटभराने आपोआप सुटेल. वीज गेली तर उत्तमच, कंदील लावा. भांडण झालं तर मात्र त्या दिवशी जपानी पुरे. कुळीथ घरात असू द्या.

आणि साधा भात उरला तर सकाळी तो आमच्याकडे आईच्या ताब्यात जातो. लसूण, सुकी मिरची, हिंग, भरपूर खोबरं. त्या फोडणीला ती कुणाला मदत करू देत नाही.